व्होल्ट आणि अँपिअरवरून ओहम आणि वॅट कसे काढायचे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गिझर, इस्त्री, शेगडी, पंप यांच्या दुरुस्तीचं माझं छोटं दुकान आहे. संध्याकाळी आयटीआयची दोन-चार पोरं शिकायला येऊन बसतात. त्यांनी, गिऱ्हाइकांनी आणि दहावीतल्या मुलांच्या आईवडिलांनी पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न इथे एका जागी आणले आहेत. वेगळं सांगितलं नसेल तिथे घरातली २३० व्होल्टची लाइन धरा.

सूत्र नेमकं काय आहे?

दोनच ओळी आहेत.

ओहम = व्होल्ट ÷ अँपिअर
वॅट = व्होल्ट × अँपिअर

चालू इस्त्रीवर मीटर लावला. व्होल्टेज आलं २२८, करंट ४.३ अँपिअर. २२८ ला ४.३ ने भागलं की ५३ ओहम, तेच गुणलं की ९८० वॅट. इस्त्रीवरच्या माहितीच्या प्लेटवर १००० वॅट लिहिलेलं होतं, म्हणजे इस्त्री ठणठणीत आहे. गणित संपलं.

शाळेच्या पुस्तकात व्होल्टेजला विभवांतर, करंटला विद्युतधारा आणि रेझिस्टन्सला रोध म्हणतात. वस्तू त्याच. मी खाली रोध हा शब्द वापरतो, कारण तो लहान आहे आणि त्याचा अर्थ त्याच्या नावातच आहे. दुकानात मात्र आम्ही सरळ ‘ओहम बघ रे’ म्हणतो.

एकच सूचना: करंट मिलिअँपिअरमध्ये असेल तर आधी हजाराने भागून अँपिअर करा, मग सूत्रात घाला. परीक्षेत निम्मे मार्क इथेच जातात.

तो त्रिकोण पाठ करावा का?

वर व्होल्ट, खाली अँपिअर आणि ओहम, जे हवं त्यावर अंगठा ठेवायचा, तोच ना? करा हवा तर. पण माझ्याकडे येणाऱ्या पोरांना त्रिकोण तोंडपाठ असतो आणि व्होल्टेज कुठल्या दोन टोकांमध्ये मोजायचं हे ठाऊक नसतं. त्यामुळे मला त्या त्रिकोणाचं फारसं कौतुक नाही.

आकडे कुठून घ्यायचे? प्लेटवरचे चालतात का?

हा खरा प्रश्न. सूत्र चुकत नाही, त्यात घातलेला आकडा चुकतो.

एका घरी गिझर होता, २००० वॅटचा, पंधरा लिटरचा. तक्रार अशी की पाणी तापतं, पण आताशा वेळ लावतं. आधी येऊन गेलेल्या कारागिरानं एलिमेंट गेलं म्हणून नवीन टाकायला सांगितलं होतं. मी लाइन बंद करून एलिमेंटच्या वायरी सोडवल्या आणि मोजलं: २६.६ ओहम. २००० वॅटच्या एलिमेंटला हवा तेवढाच. सॉकेटवर व्होल्टेज पाहिलं, २२८. तेही छान. २२८ ला २६.६ ने भागलं तर ८.६ अँपिअर यायला हवेत.

गिझर लावला, एका वायरीभोवती क्लॅम्प मीटर धरला, तर ७.९. आता गिझर चालू ठेवूनच त्याच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजलं. २१० होतं. बंद असताना २२८, चालू झाला की २१०. मधले १८ व्होल्ट वाटेत कुठेतरी सांडत होते.

शोधत शोधत मेन स्विचपर्यंत आलो. मीटरचा एक प्रोब न्यूट्रलच्या स्क्रूच्या अलीकडच्या वायरीला, दुसरा पलीकडच्या पट्टीला. जिथे जवळजवळ शून्य यायला हवं तिथे ११ व्होल्ट. ७.९ ने गुणा: ८७ वॅट. माझ्या पेटीतला सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचा आहे. तसे तीन आयर्न आणि वर थोडं, एवढी उष्णता त्या एका ढिल्या स्क्रूत निघत होती. झाकण काढलं तर बॅकेलाइट काळं पडून भुगा व्हायला आलेलं, वायरीचं इन्सुलेशन बोटभर करपलेलं. ११ ला ७.९ ने भागा, त्या सांध्याचा रोध १.४ ओहम निघतो. एवढा कमी रोध पाहून कोणी म्हणेल, त्यात काय मोठंसं! पण त्या सांध्याला मुळात रोध असताच कामा नये.

करपलेलं टोक कापून वायर नव्यानं सोलली, स्विच बदलला. गिझर चालू असताना २२१ व्होल्ट आणि ८.३ अँपिअर, म्हणजे १८३४ वॅट. आधी होते १६५९. नवीन एलिमेंट टाकलं असतं तर पैसे गेले असते, पाणी तेवढंच रेंगाळलं असतं आणि स्विच कधीतरी पेटला असता.

म्हणून माझा नियम: व्होल्टेज आणि करंट एकाच वेळी, लोड चालू असताना आणि ज्या वस्तूचा हिशोब करायचा तिच्याच टोकांवर मोजायचे. सकाळचं व्होल्टेज आणि दुपारचा करंट यांचा भागाकार कशाचाच नसतो. आणि चालू लाइनवरचं हे काम घरच्या घरी करू नका, वायरमनला बोलवा. त्यानं काय मोजावं हे तुम्हाला ठाऊक असलं तरी पुरे.

ओहमचा नियम म्हणतात तो हाच का?

हाच. गेऑर्ग सिमॉन ओहम हा जर्मनीतला शाळामास्तर. त्याचं पुस्तक १८२७ साली आलं. गंमत म्हणजे त्यालाही आपल्या गिझरसारखीच अडचण आली होती. त्या काळच्या बॅटरीतून करंट घेतला की तिचं व्होल्टेजच खाली यायचं, त्यामुळे आकडे जुळेनात. मग त्यानं बॅटरी बाजूला ठेवली आणि दोन धातूंचा सांधा वापरला, बिस्मथ आणि तांब्याचा: एक टोक उकळत्या पाण्यात, दुसरं बर्फात. तापमानातला फरक स्थिर, म्हणून व्होल्टेज स्थिर. तेव्हा कुठे नियम हाती लागला. लंडनच्या रॉयल सोसायटीनं त्याला १८४१ मध्ये कोप्ले पदक दिलं.

फक्त वॅट माहीत असतील तर ओहम कसे काढायचे?

५२,९०० हा आकडा पाठ करून टाका. २३० गुणिले २३०. याला वॅटनं भागलं की वस्तूचा गरम असतानाचा रोध मिळतो.

३००० वॅटचा इन्स्टंट गिझर १७.६ ओहम, २००० चा साधा गिझर २६.५, पाणी तापवायचा १५०० चा रॉड ३५, १००० ची इस्त्री ५३, ७५० ची इस्त्री ७०.५, शंभराचा पिवळा (तारेचा, जुना) बल्ब ५२९, साठचा ८८२. ‘झिरोचा बल्ब’ म्हणून विकला जातो तोही शून्य वॅटचा नसतो, साधारण १२ ते १५ वॅट घेतो. शून्य वॅट म्हणजे रोध अनंत, आणि तसा बल्ब पेटणार नाही.

दुरुस्तीत हा आकडा फार कामाचा आहे. रॉड मोजला आणि ३५ ओहमच्या जवळपास आला की एलिमेंट शाबूत. मीटर काहीच दाखवत नसेल तर एलिमेंट तुटलं. बॉडी आणि पिन यांच्यामध्ये काही आकडा आला तर लगेच बाजूला ठेवा, ओहम कितीही बरोबर असले तरी तो रॉड बादलीत घालायचा नाही.

बल्ब मोजला तर ४० ओहम आले, हिशोबानं ५२९ यायला हवेत. मीटर बिघडला का?

मीटर बरोबर आहे आणि हिशोबही. तुम्ही थंड बल्ब मोजलात. पेटल्यावर फिलामेंट, म्हणजे आतली टंगस्टनची तार, २५०० अंश सेल्सिअसच्या आसपास जातं आणि टंगस्टनचा रोध तापला की दहा-पंधरा पटींनी वाढतो. मीटरच्या इवल्याशा सेलनं ते कोमटसुद्धा होत नाही.

याचाच दुसरा अर्थ असा की बटण दाबल्याच्या पहिल्या क्षणी २३० ला ४० नं भागून पावणेसहा अँपिअर जातात आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत ते अर्ध्याच्या खाली येतात. जुने बल्ब नेमके बटण दाबतानाच का उडायचे, ते आता कळलं असेल.

इस्त्री, गिझर, शेगडी यांत निक्रोम (निकेल-क्रोमियमची तार) असतं. ते लाल झालं तरी त्याचा रोध थोडक्या टक्क्यांनीच वाढतो. म्हणून एलिमेंट थंड मोजलं तरी चालतं, बल्ब नाही. मोटरच्या तांब्याचं या दोहोंच्या मधलं आहे, दर अंशाला साधारण ०.४ टक्के. वायंडिंग, म्हणजे मोटरमधली तारेची गुंडाळी, पन्नास अंशांनी तापलं की रोध वीस टक्क्यांच्या आसपास वाढलेला सापडतो. मोटर आतून किती तापली हे असं बाहेरूनही काढता येतं.

रोध वाढला की वॅट वाढतात की कमी होतात? पुस्तकात दोन्ही लिहिलंय.

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी चहा पाजतो. पुस्तकात एका पानावर ‘करंटचा वर्ग गुणिले रोध’ आणि दुसऱ्यावर ‘व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध’ असतं, आणि मुलं गोंधळतात. दोन्ही खरी आहेत. काय कायम राहतंय ते आधी बघायचं.

घरात व्होल्टेज कायम असतं. म्हणून घरात कमी रोधाची वस्तू जास्त वॅट खाते. याचं नेहमीचं उदाहरण म्हणजे उघड्या कॉइलची शेगडी. कॉइल मध्येच तुटते, आणि दोन्ही टोकं ओढून, पीळ देऊन जोडली जातात. गावाकडे हे सर्रास चालतं. समजा जोडताना दहावा भाग कमी झाला. २६.५ चे २३.८ ओहम झाले, करंट ८.७ चा ९.७ झाला, वॅट २००० चे २२२० झाले. शेगडी आता पहिल्यापेक्षा जास्त तापते आणि बाई म्हणते, काय छान दुरुस्त केली! पुन्हा तुटली, पुन्हा जोडली, पुन्हा लहान झाली. तिसऱ्या-चौथ्या खेपेला कॉइल जळतेच, नाहीतर तिच्याआधी सॉकेट वितळतं. पीळ दिलेल्या जागी सांध्याचा रोध असतोच. तिथे करंट तोच असल्यामुळे जास्त रोधाच्या जागी जास्त उष्णता, आणि कॉइल पुढच्या वेळी बरोबर तिथेच तुटते. एकाच शेगडीत दोन्ही सूत्रं चालू असतात, बघा.

आता शंभराचा आणि साठचा असे दोन पिवळे बल्ब सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक, लावा. जास्त उजेड साठचा पडतो. करंट दोघांतून एकच, आणि रोध साठचा मोठा. ८८२ आणि ५२९ धरून हिशोब केला तर साठच्या बल्बला २३ वॅट मिळतात, शंभराच्याला १४. प्रत्यक्षात दोन्ही अर्धवट तापलेले असल्यानं आकडे थोडे सरकतात, क्रम बदलत नाही. आयटीआयच्या तोंडी परीक्षेत हे हमखास विचारतात.

सिरीज बोर्डवर बल्ब पूर्ण पेटला म्हणजे वस्तू शॉर्ट आहे ना?

प्रत्येक वेळी नाही. दुरुस्त केलेली वस्तू थेट लाइनवर न लावता शंभराच्या बल्बच्या सिरीजमध्ये लावायची, ही आपल्याकडच्या वायरमनची जुनी आणि उत्तम सवय. शॉर्ट असेल तर बल्ब पेटतो, फ्यूज उडत नाही. पण ७५० ची इस्त्री लावलीत तर? तिचे ७०.५ आणि बल्बचे ५२९. २३० पैकी २०३ व्होल्ट बल्बच घेऊन जातो आणि इस्त्रीच्या वाट्याला फक्त २७ येतात. बल्ब जवळजवळ पूर्ण पेटतो आणि नवशिका म्हणतो शॉर्ट आहे. पंख्याच्या मोटरवर किंवा टीव्हीच्या बोर्डवर ही युक्ती छान चालते, एलिमेंटच्या वस्तूंना सरळ ओहम मोजा.

व्होल्टेज कमी येतं तेव्हा बिल कमी येतं का?

वस्तू कुठली यावर आहे.

गिझरचा रोध ठरलेला, २६.५. व्होल्टेज १९० झालं तर करंट ७.२ आणि वॅट १३६५. म्हणजे व्होल्टेज सतरा टक्के उतरलं आणि वॅट बत्तीस टक्के उतरले. वर्गाचा मामला आहे. पण पाणी तेवढंच तापवायचंय, थर्मोस्टॅट तेवढ्याच तापमानाला गिझर बंद करणार. म्हणून गिझर जास्त वेळ चालतो आणि युनिट जवळपास तेवढेच पडतात, टाकीतून उष्णता झिरपते म्हणून किंचित जास्तच.

मोटरचं उलट आहे. विहिरीतून पाणी वर चढवायचं काम तेवढंच, आणि ते काम मोटरकडून पाणी मागून घेतं. व्होल्टेज पडलं की मोटर जास्त करंट ओढते. करंट वाढला की वायंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गानं वाढते, आणि वार्निशचा वास आला की उशीर झालेला असतो. रात्रीच्या पाळीत सगळ्यांचे पंप एकदम सुरू झाले, डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) लोड आला, व्होल्टेज बसलं, आणि सकाळी रिवायंडिंगवाल्याकडे रांग. शेतकऱ्यांना सूत्र सांगावं लागत नाही, ते त्यांच्या खिशानं शिकलेले आहेत.

मोटरला आणि पंख्याला हीच सूत्रं लावायची का?

लावायची, पण तसंच गुणून मिळालेले वॅट नसतात. घरातली लाइन एसी, म्हणजे सारखी दिशा बदलणारी. मोटरमध्ये व्होल्टेज आणि करंट एका तालात चालत नाहीत, करंट मागे पडतो. म्हणून गुणाकाराला पॉवर फॅक्टरनं आणखी गुणावं लागतं. एक एचपीचा पंप २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअर घेतो असं धरा. गुणाकार १४९५ आला. पॉवर फॅक्टर ०.७५ असेल तर खरे वॅट ११२१. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, आणि ते शाफ्टवर मिळणारे. मधला फरक उष्णता आणि घर्षण. घरचा मीटर ११२१ मोजतो, पण वायर आणि स्विच मात्र साडेसहा अँपिअरलाच टिकणारे हवेत.

भागाकाराचंही तसंच. पंपाच्या वायंडिंगचा रोध मीटरवर जेमतेम चार ओहम दाखवतो. २३० ला चारनं भागलं तर सत्तावन्न अँपिअर! इतका करंट चालू मोटर घेत नाही, कारण फिरणारी मोटर एसीला स्वतः विरोध करते आणि तो विरोध मल्टिमीटरच्या सेलला दिसत नाही. अडकलेली, न फिरणारी मोटर मात्र यातला बराचसा करंट घेते. म्हणून गाळ अडकलेला पंप काही मिनिटांत जळतो.

थ्री फेजला गुणाकारात १.७३ येतं. ४१५ व्होल्टवर आमचा ढोबळ हिशोब एचपीला दीड अँपिअर. पाच एचपीच्या मोटरला प्रत्येक फेजवर सात-साडेसात दिसले की समाधान. एका फेजवर नऊ आणि एकावर पाच दिसले की मोटर बंद करून आधी कारण शोधायचं.

एलईडी बल्बचे ओहम किती?

विचारू नका. त्याच्या बुडाशी इलेक्ट्रॉनिक ड्रायव्हर असतो. ९ वॅटचा एलईडी १८० व्होल्टवरही जवळपास तेवढेच वॅट घेऊ शकतो, म्हणजे व्होल्टेज कमी तर करंट जास्त. असल्या वस्तूला ठरावीक रोध नसतो. मोबाइल चार्जर, टीव्ही, इन्व्हर्टर एसी सगळे त्याच जातीचे.

करंट मोजायचा कसा?

क्लॅम्प मीटर घ्या. वायर तोडायला लागत नाही, जबडा उघडून वायर आत घ्यायची. पण एकच वायर, फेज किंवा न्यूट्रल. आख्खी केबल आत घेतलीत तर जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खोडतात आणि मीटर शून्य दाखवतो. ‘दादा, मीटर खराब आहे’ म्हणून परत आणलेल्या मीटरांपैकी बरेच ठीक असतात. मी एक आखूड एक्स्टेन्शन बनवून ठेवलंय, बाहेरचं कव्हर वीतभर सोलून आतल्या तीन वायरी सुट्या केलेलं. तिन्हीचं आपापलं इन्सुलेशन मात्र शाबूत. कुठलीही वस्तू त्यावर लावायची आणि क्लॅम्प एका वायरीत घालायचा.

करंट फारच थोडा असेल तर ती वायर जबड्यात दहा वेढे गुंडाळा आणि आलेल्या आकड्याला दहानं भागा.

मल्टिमीटरच्या अँपिअरच्या खाचेत प्रोब ठेवून तो सॉकेटमध्ये खुपसू नका. त्या जागेवर मीटरचा रोध जवळजवळ शून्य असतो. २३० ला शून्याच्या जवळच्या आकड्यानं भागून बघा, काय होईल ते कळेल. मीटरचा फ्यूज उडाला तर नशीब. आणि ओहमच्या जागेवर असताना लाइन चालू नको. वस्तूची दोन्ही टोकं सोडवा, नाहीतर शेजारच्या वाटेनं मीटर भलतंच दाखवतो. कमी ओहम मोजताना प्रोब एकमेकांना टेकवून आधी त्यांचाच रोध पाहा, ०.२ ते ०.५ येतो. तो वजा करायचा.

लांब वायरीत किती व्होल्ट जातात?

वायर म्हणजेही एक रोधच, फक्त कोणी त्याला वस्तू मानत नाही. तांब्याच्या मऊ केबलचे किलोमीटरला ओहम असे: दीड स्क्वेअर एमएम १३.३, अडीच ८, चार ५. ही एका वायरीची लांबी. करंट जाऊन परत येतो, म्हणून लांबी दुप्पट धरा.

मीटरपासून विहीर दोनशे मीटर, पंप एक एचपी, वायर अडीचची. चारशे मीटरचे ३.२ ओहम. साडेसहा अँपिअरनं गुणा, जवळजवळ २१ व्होल्ट वायरीतच गेले आणि १३५ वॅट वाफ्याला तापवण्यात खर्च झाले. चारची वायर टाकली तर १३ व्होल्ट. पण खरी मारामारी सुरू होतानाची आहे. त्या वेळी मोटरनं पाचपट करंट मागितला तर शंभराच्या आसपास व्होल्ट वाटेत सांडतात. (व्होल्टेज पडलं की करंटही घटतो, म्हणून प्रत्यक्षात याहून कमी सांडतात, तरी पुष्कळच.) मोटर नुसती हूं करते, उचलत नाही. लोक कपॅसिटर बदलतात, बुश बदलतात, आणि दोष वायरीचा असतो.

अमेरिकेतून मुलानं हेअर ड्रायर पाठवलाय. लावू का?

त्यावर १२० व्होल्ट आणि १२०० वॅट लिहिलंय ना? १० अँपिअर, १२ ओहम. इथे २३० ला १२ नं भागून १९ अँपिअर, वॅट ४४०० च्या वर. दुप्पट नाही, साडेतीन पटींहून जास्त. काही सेकंदांचा कारभार. उलट तुमची इथली १००० ची इस्त्री मुलानं तिकडे नेली तर तिला २७२ वॅट मिळतात, कपडे कोमट होतील.

लॅपटॉपच्या चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट छापलेलं असतं, तो बिनधास्त लावा.

शॉक बसतो तेव्हा हे गणित लागतं का?

लागतं. ओल्या हाताचा आणि अनवाणी पायाचा माणूस साधारण हजार ओहमचा धरा. २३० भागिले हजार, म्हणजे ०.२३ अँपिअर, २३० मिलिअँपिअर. जीव घ्यायला याहून बरंच कमी पुरतं. आणि १६ अँपिअरच्या एमसीबीला (करंट फार वाढला की आपोआप पडणाऱ्या स्विचला) हा करंट म्हणजे एका फ्रिजएवढासुद्धा नाही, ती पडणारच नाही. ती वायरीसाठी आहे, माणसासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे गळणारा करंट ओळखून लाइन तोडणारा स्विच, लागते. गिझरवर खर्च करता, तर आधी ती बसवा आणि तिचं टेस्ट बटण अधूनमधून दाबून बघा.

माझ्याकडे कुठलाच मीटर नाही. वॅट मोजता येतील का?

आहे की, दाराबाहेर, वीज कंपनीनं लावलेला. त्यावर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी ‘३२०० इम्पल्स’ किंवा ‘१६०० इम्पल्स’ असं काहीतरी छापलेलं असतं. म्हणजे इतक्या लुकलुकींत एक युनिट. ३२०० चा मीटर असेल तर एका मिनिटात किती वेळा लुकलुकला ते मोजा आणि १८.७५ नं गुणा, वॅट मिळाले. १६०० चा असेल तर ३७.५ नं. घरातलं बाकी सगळं बंद करून फक्त गिझर लावा. ३२०० च्या मीटरवर मिनिटाला १०७ च्या आसपास आले तर तो पुरते २००० वॅट घेतोय. नव्वद आले तर १६८७, आणि मग वर सांगितलेल्या स्क्रूची आठवण ठेवून वायरमनला फोन करा.

व्होल्टेज माहीत असेल तर वॅटला त्यानं भागून अँपिअरही मिळतात. हे फक्त एलिमेंटच्या वस्तूंना, मोटरचं कारण वर सांगितलंच आहे.

मी एकदा रात्री घरातलं सगळं बंद करून, फ्रिजची पिन काढून मीटरसमोर स्टुलावर बसलो होतो. तरी दिवा दर दोन मिनिटांनी एकदा लुकलुकत होता, म्हणजे नऊ वॅट. टीव्हीखालचा सेट-टॉप बॉक्स होता.